क्रानाखची इलेक्टर-चित्रं : साठ जोड्यांमागचं राजकारण

जर्मनीतल्या सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) फ्रीडरिश ‘शहाणा’ याचं एक छोटं चित्र बऱ्याच संग्रहालयांत दिसतं. काळी टोपी, दुभंगलेली दाट दाढी, फरची कॉलर. चेहरा सगळीकडे तोच. मग यातलं ‘खरं’ कुठलं, असा प्रश्न हमखास पडतो. पण ही चित्रं मुळातच गठ्ठ्यानं काढून घेतली होती.

लुकास क्रानाख 1505 मध्ये विटेनबर्गला दरबारी चित्रकार झाला. 1508 मध्ये फ्रीडरिशनं त्याला मानचिन्ह दिलं: तोंडात अंगठी धरलेला पंखवाला साप. हीच पुढे त्याच्या कार्यशाळेची सही झाली. फ्रीडरिश अविवाहित होता. 1525 मध्ये तो वारला तेव्हा गादी भाऊ योहानकडे आली आणि 1532 मध्ये योहानही गेल्यावर त्याचा मुलगा योहान फ्रीडरिशकडे. हे घराणं कॅथलिक चर्चला आव्हान देणाऱ्या धर्मसुधारक ल्यूथरच्या पाठीशी उभं होतं, सम्राट पाचवा चार्ल्स कॅथलिक, आणि नव्या इलेक्टरला त्याची रीतसर मान्यता अजून मिळायची होती. अशा वेळी काका आणि वडील यांचे चेहरे सर्वदूर पोचवणं म्हणजे वारसाहक्क ठामपणे मांडणंच होतं.

मे 1533 मध्ये क्रानाखला 60 जोड्यांचे (जोडीत फ्रीडरिश आणि योहान यांचं लाकडी फळीवरचं एकेक चित्र) 109 गुल्डन 14 ग्रोशन मिळाले. सॅक्सनीत 21 ग्रोशनचा एक गुल्डन, म्हणजे एका फळीला साधारण 19 ग्रोशन पडले. या दरात प्रत्येक चेहरा नव्यानं अभ्यासणं शक्यच नव्हतं, आणि फ्रीडरिशला जाऊन तर आठ वर्षं झाली होती. कार्यशाळेत जपलेल्या नमुन्यांवरून सहायकांनी चेहरे उतरवले. त्यामुळे हाताचा दर्जा फळीगणिक बदलतो.

फळ्या जेमतेम 20 बाय 14 सेंटिमीटरच्या, पुष्कळदा बीच लाकडाच्या. हवेतल्या ओलाव्यानं बीच बरंच फुगतं-आकसतं, त्याला कीडही लवकर लागते, म्हणून बहुतेक चित्रकार ते टाळत. क्रानाखच्या कार्यशाळेनं मात्र 1522 ते 1535 या काळात ते सर्रास वापरलं. छोट्या आकारात एकच अखंड फळी पुरते, सांध्याची कटकट नसते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या जोडीवर छापील कागदाच्या पट्ट्या टिकून आहेत. त्यांवर इलेक्टर स्वतःच पद्यात बोलतो. फ्रीडरिश सांगतो की आपण देशात शांतता राखली, विटेनबर्गचं विद्यापीठ स्थापलं, सम्राटपद स्वतः न घेता चार्ल्सला निवडलं. हा मजकूर माझ्या मते चित्राइतकाच महत्त्वाचा. दुर्दैवानं कागद सुटतो, फाटतो, कुणी चौकट बसवताना काढूनही टाकतं. मग उरतो नुसता चेहरा, आणि चित्र कशासाठी काढलं होतं हेच कळेनासं होतं.

तारीख नसेल तर साप पाहावा. सुमारे 1537 पर्यंत त्याचे पंख वटवाघळासारखे, उभे असतात. नंतर ते पक्ष्यासारखे, मिटलेले होतात. म्हणून मिटलेल्या पंखांची प्रत या 60 जोड्यांतली नव्हे, पुढच्या मागणीतली समजावी.

मान्यता मिळाली, पण पद टिकलं नाही. एप्रिल 1547 मध्ये म्युलबर्गच्या लढाईत योहान फ्रीडरिश चार्ल्सच्या हाती सापडला आणि इलेक्टरपद घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या मोरित्झकडे गेलं.