कंपनीला पडलेला प्रश्न आणि ग्राहकाला विचारायचा प्रश्न

मार्केटिंग प्लॅनच्या चर्चेत 'प्रश्न' हा शब्द दोन अर्थांनी येतो, आणि नवख्या टीमचा घोळ तिथेच होतो. एक संशोधनाचा प्रश्न: कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि त्यासाठी काय कळायला हवं. दुसरा प्रश्नावलीतला: समोरच्याला डोकं न खाजवता स्वतःच्या अनुभवातून उत्तर देता येईल असा.

पहिला उचलून जसाच्या तसा फॉर्ममध्ये टाकला की गंमत होते. 'या वस्तूची किंमत किती ठेवावी?' ही चिंता तुमची. ग्राहकाला विचाराल तर तो कमीच सांगणार, त्यात त्याचा काय दोष? डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेंडॉर्प यांनी 1976 मध्ये याच्याऐवजी चार प्रश्न सुचवले. वस्तू कितीला इतकी महाग वाटेल की घेणारच नाही? कितीला महाग वाटेल, पण विचार कराल? कितीला स्वस्तात पडली असं वाटेल? आणि कितीला इतकी स्वस्त, की दर्जाचीच शंका येईल? चारही उत्तरांचे आलेख एकमेकांवर ठेवले की ते छेदतात तिथून लोकांना पटेल अशा किमतींचा पट्टा दिसतो. किंमत ठरवून द्या, असं ग्राहकाला कुठेच म्हटलेलं नसतं.

उलटी चूक म्हणजे ग्राहकाला सहज देता येणाऱ्या उत्तरालाच आपल्या निर्णयाचं उत्तर समजणं. ती माझ्या मते जास्त घातक, कारण ती दिसत नाही. कोका-कोलाने नवी चव आणण्याआधी सुमारे 2 लाख लोकांना चाखायला दिली. नवी चव सरस ठरली. 23 एप्रिल 1985 रोजी ती जाहीर झाली आणि लोक इतके खवळले की 79 दिवसांत जुनी चव परत आणण्याची घोषणा करावी लागली. 'कोणती चव आवडली?' या प्रश्नात खोट नव्हती. पण निर्णय होता जुनी चव बंद करण्याचा, आणि ती बंद झाली तर लोकांना काय वाटेल हे चव घेऊन कळत नाही.

'सेवा जलद आणि नम्र होती का?' असल्या जोडप्रश्नांची चूक त्यामानाने किरकोळ. दोन तुकडे केले की झालं.

मी एक जुनाट उपाय करते: प्रश्नावलीच्या कच्च्या प्रतीत प्रत्येक प्रश्नासमोर त्यावर अवलंबून असलेला निर्णय लिहिते. समास कोरा राहिला की प्रश्न खोडते. बहुतेक वेळा पहिला बळी जातो तो 'आपले वय' हा रकाना. तो तिथे निव्वळ सवयीने आलेला असतो.