ऑक्सिजनमध्ये ऑपरेशन लिहायचं की प्लगइन?

ऑक्सिजन एक्सएमएल एडिटर म्हणजे टॅग लावलेले (एक्सएमएल) दस्तऐवज लिहायचा प्रोग्रॅम. त्यात ‘आपलं एक बटण हवं’ अशी मागणी आली की जावा येणारा माणूस तडक प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा पुरवणी कोड, लिहायला बसतो. मीही बसलो होतो. डिटा ही तांत्रिक माहिती लिहायची एक एक्सएमएल पद्धत. तिच्या टास्कमध्ये, म्हणजे कृती सांगणाऱ्या फाइलीत, कर्सर असेल त्या स्टेपच्या शेवटी स्टेपरिझल्ट, म्हणजे त्या पायरीचा परिणाम सांगणारा टॅग, टाकायचा, एवढंच काम. तीन दिवस गेले, टूलबारवर बटण झळकलं. मग एका सहकाऱ्याने डॉकबुक या दुसऱ्या पद्धतीची फाइल उघडली. तिथेही बटण त्याच ऐटीत उभं, आणि दाबलं की डॉकबुकच्या परिच्छेदात डिटाचा टॅग कोंबून मोकळं.

दोष बटणाचा नव्हता, जागा चुकली होती. प्लगइन जोडलं जातं ते अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनला. प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये आपला फोल्डर, त्यात वर्णनाची एक एक्सएमएल फाइल, आणि वर्कस्पेस अ‍ॅक्सेस प्रकारचा क्लास. एडिटर सुरू होताना त्याची एक मेथड चालते, बंद होताना दुसरी. समोर कोणती फाइल उघडी आहे, हे आपण विचारलं तरच त्याला कळतं.

ऑथर ऑपरेशन म्हणजे ऑथर मोडमध्ये (जिथे कच्च्या टॅगांऐवजी मांडणी केलेला मजकूर दिसतो) एखादं काम करणारा कोडचा तुकडा. तो मात्र फ्रेमवर्कच्या घरात राहतो. फ्रेमवर्क म्हणजे एका जातीच्या दस्तऐवजांची सगळी व्यवस्था: डिटाची वेगळी, डॉकबुकची वेगळी, टीईआयची वेगळी. रूट एलिमेंट, नेमस्पेस वगैरे पाहून एडिटर फ्रेमवर्क निवडतो, आणि त्यातली बटणं त्याच फाइलींवर दिसतात. माझी डॉकबुकवाली फजिती इथे झालीच नसती.

ऑपरेशनचा कोडही आटोपशीर असतो. वर्णन द्यायचं, कोणते आर्ग्युमेंट लागतात ते सांगायचं आणि डू-ऑपरेशनमध्ये काम करायचं. हाताशी ऑथर अ‍ॅक्सेस मिळतो; त्यातून कर्सरची जागा विचारा, डॉक्युमेंट कंट्रोलरकडून फ्रॅगमेंट, म्हणजे एक्सएमएलचा तुकडा, घालून घ्या. इथे एक खड्डा आहे, आणि तो प्लगइनमधून ऑथर मोडला हात घालणाऱ्यालाही लागतो. कर्सरचा ऑफसेट (जागेचा क्रमांक) म्हणजे फाइलमधलं अक्षर नव्हे. ऑथर मोडच्या हिशेबात प्रत्येक एलिमेंटची सुरुवात एक जागा खाते आणि शेवटही एक, मग टॅगचं नाव कितीही लांबलचक असो. फाइलमधली अक्षरं मोजून फ्रॅगमेंट घातलात तर तो भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. मी हेही करून बसलो आहे.

ऑपरेशन नुसतं लिहून बटण होत नाही. जार, म्हणजे जावा कोडची बांधलेली फाइल, फ्रेमवर्कच्या क्लासपाथमध्ये (कोड शोधायच्या जागांच्या यादीत) टाकायची, मग अ‍ॅक्शन तयार करून त्यात ते ऑपरेशन निवडायचं. एकाच अ‍ॅक्शनमध्ये अनेक ऑपरेशनं ठेवता येतात, प्रत्येकाला एक्सपाथची (एक्सएमएलमधली जागा सांगायच्या भाषेतली) अट. ज्याची अट पहिली खरी ठरते ते चालतं. ‘इथे हे, तिथे ते’ असली वागणूक त्यामुळे कोडमध्ये इफ-एल्स न लिहिता मिळते. जावा नको असेल तर जावास्क्रिप्ट चालवणारं तयार ऑपरेशनही आहे.

मग प्लगइन कधी? बाजूला स्वतःचं पॅनल हवं असेल, फाइल उघडली-मिटली की काही घडायला हवं असेल, किंवा बटण टेक्स्ट मोडमध्येही (कच्चे टॅग दिसतात तिथे) चालायला हवं असेल, तर प्लगइनच बरं. ऑथर ऑपरेशनची धाव ऑथर मोडपर्यंतच.

माझ्या बटणाला तर शेवटी जावासुद्धा लागला नाही. ऑक्सिजनसोबतच येणारं फ्रॅगमेंट घालायचं ऑपरेशन घेतलं, जागा म्हणून कर्सरच्या वरची स्टेप दिली, स्थान ‘आत, शेवटचं मूल’, आणि अट अशी की त्या स्टेपमध्ये स्टेपरिझल्ट आधीच नसावा. अर्धा तास लागला. प्लगइनचा फोल्डर त्याच संध्याकाळी उडवला.