औषधाची सवय वेगळी, औषधाचं व्यसन वेगळं

व्यसन कसं असतं हे बहुतेकांना ठाऊक आहे. तलफ आवरत नाही, नुकसान डोळ्यांसमोर होत असतं तरी हात थांबत नाही, दिवसभर डोक्यात तेच. त्यावर जास्त बोलत नाही. घोळ होतो तो शारीरिक अवलंबित्वाबद्दल, म्हणजे शरीराला औषधाची झालेली सवय. वस्तीतल्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांत दोन्हींना सर्रास ‘व्यसन’ म्हणतात आणि त्यापायी आजारी माणसाचे हाल होतात.

अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम (बेंझोडायझेपीन गटातल्या, चिंता आणि झोपेसाठीच्या गोळ्या) काही आठवडे रोज घेतलं की मेंदू ते औषध धरूनच आपला तोल सांभाळू लागतो. गोळी त्याला शांत करते, म्हणून तो उलट्या बाजूनं जोर लावतो. गोळी अचानक बंद केली की नुसता तो जोर उरतो: झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, कधी फिट येते आणि ती प्राणघातकही ठरू शकते. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन यांसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं (पुढे वेदनाशामकं म्हणजे हीच) अचानक थांबवली तर नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, जुलाब होतात. सांगितलेल्या वेळी सांगितलेलीच मात्रा घेणाऱ्यालाही हे होतं. अनेक दिवस घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकदम थांबवलं तरी माणूस कोसळू शकतो, कारण शरीरानं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे तसंच काम करणारं संप्रेरक, बनवणं कमी केलेलं असतं. त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही.

गोंधळ शब्दांतूनही आला. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत व्यसनालाच बरीच वर्षं ‘अवलंबित्व’ म्हणत. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ते नाव गेलं. आता 11 निकष आहेत आणि 12 महिन्यांत किमान 2 जुळावे लागतात. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट औषध घेणाऱ्याच्या बाबतीत मात्रा अपुरी पडू लागणं आणि बंद केल्यावर त्रास होणं, हे दोन निकष धरतच नाहीत.

म्हणून ‘गोळी चुकली की त्रास होतो का?’ या प्रश्नानं व्यसन ओळखता येत नाही, आणि जनजागृतीच्या पत्रकांत तोच पहिला छापलेला असतो. विचारायचं ते हे: गोळ्या वेळेआधी संपतात का? एकाच औषधासाठी दोन-तीन डॉक्टरांकडे जाणं चालू आहे का? दुखणं थांबल्यावरही धुंदीसाठी घेतली जाते का? काम आणि घर बिघडत असूनही मात्रा वाढतेय का?

ओळख चुकली की उपायही चुकतो. सवय झालेल्याच्या गोळ्या घरच्यांनी लपवणं धोक्याचं आहे. वेदनाशामकं एकदम तोडल्यानं असह्य वेदना आणि आत्महत्येचे प्रकार घडले, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल 2019 मध्ये तसा इशाराच दिला. सवय उतरवायची ती डॉक्टरांसोबत, पायरीपायरीनं. बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्यांची मात्रा साधारण दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कमी करतात. वेदनाशामक वर्षाहून जास्त घेतलं असेल तर महिन्याला 10 टक्के किंवा त्याहून सावकाश. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबायचं. ‘एक दिवसाआड घे’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. कमी वेळ टिकणाऱ्या गोळीत मधल्या प्रत्येक दिवशी त्रास नव्यानं उसळतो. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडू किंवा कुटू नयेत, कारण पूर्ण दिवसाची मात्रा एकदम रक्तात उतरते.

खरं व्यसन असेल तर नुसती मात्रा उतरवून भागत नाही. वेदनाशामकांच्या व्यसनात तलफ आवरणारं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन आणि समुपदेशन लागतं, तेही लांब मुदतीचं. काही दिवस बंद राहून पुन्हा जुन्या मात्रेनं घेतलं तर श्वास थांबू शकतो, कारण पूर्वीची सहनशक्ती ओसरलेली असते. अशा घरात नालोक्सोन, म्हणजे अशा वेदनाशामकांचा असर उलटवणारं औषध, हाताशी हवं आणि ते कसं द्यायचं हे निदान दोघांना यायला हवं.

बाकीची खबरदारी दोन्हीकडे सारखीच: गोळ्या कुलपात, आठवड्याला मोजणी, उरलेल्या औषध दुकानात परत घेत असतील तर तिथे. आणि आपली गोळी शेजाऱ्याला द्यायची नाही, दुखणं अगदी तेच वाटलं तरीही.