लग्न झालेले नाही, पण मूल माझे आहे: वडिलांसाठी माहितीपत्रक

वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे हे पत्रक रस्त्यावर वाटायचे नाही. आमच्याकडे आलेल्या पक्षकारांनी बाकावर बसल्या बसल्या वाचावे आणि घरी न्यावे, एवढ्याचसाठी छापले आहे. यातली माहिती मुख्यतः हिंदू कायदा लागू असलेल्यांची आहे. गोव्याशी संबंध असेल तर आधीच सांगा; तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते आणि गणित बदलते.

येणारा जवळजवळ प्रत्येक तरुण पहिल्यांदा हेच विचारतो: "सर, डीएनए करून घेऊ का?" आम्ही म्हणतो, थांबा. आधी जन्मदाखला दाखवा.

दाखल्यातला रकाना

बाळ दवाखान्यात जन्मले तर २१ दिवसांच्या आत जन्माची खबर दवाखानाच देतो. त्या फॉर्मात वडिलांच्या नावाचा रकाना असतो. दोघांचे पटत असेल तर त्याच वेळी दोघांनी मिळून लेखी द्यावे. नंतरच्या दहा हेलपाट्यांपेक्षा हा एक बरा. लग्न झाल्याचे खोटे मात्र लिहू नका. आमच्या एका पक्षकाराने सिझेरियनच्या संमतीपत्रावर नात्यापुढे घाईघाईत 'पती' लिहिले होते. तो बाळंतपणाला हजर होता हे त्या कागदाने दाखवले खरे, पण "मग लग्न कधी झाले?" हा प्रश्नही त्यानेच उभा केला आणि दोन तारखा त्यातच गेल्या.

आईने वडिलांचे नाव दिले नाही तरी दाखला अडत नाही. अविवाहित आईकडून फक्त प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, वडिलांचे नाव सांगण्याची तिच्यावर सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे.

"पण पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येते ना?" येते, पण बाळाचे. वडिलांचे नाव नंतर घालायचे म्हणजे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खालची दुरुस्ती. त्यात मूळ नोंद खोडत नाहीत; समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतात. आई राजी असेल तर दोघांची प्रतिज्ञापत्रे घेऊन प्रयत्न करता येतो. ती राजी नसेल तर निबंधक "कोर्टाचा आदेश आणा" म्हणणार. त्यांच्यावर चिडू नका. नुसत्या एकाच्या सांगण्यावरून नाव चढू लागले तर कोणीही कोणाच्याही मुलाचा बाप होईल.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. म्हणून दाखल्यात उशिरा बदल झाला की पुढचे कागदही एकेक करून बदलत बसावे लागते.

आता डीएनए

ऑनलाइन मागवलेल्या किटचा रिपोर्ट मनाच्या समाधानापुरता. नमुना कोणाचा, कोणासमोर घेतला, वाटेत कोणाच्या हातात होता, हे न्यायालय विचारते आणि त्या पाकिटाकडे उत्तर नसते. आईला न सांगता बाळाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून आणणाऱ्याला आम्ही परत पाठवतो.

न्यायालयही ही चाचणी सहज देत नाही. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या नवरा-बायकोच्या एका वादात मुलाच्या चाचणीचा आदेश उच्च न्यायालयाने कायम केला होता. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आई-बापाच्या भांडणात मुलाला असे ओढू नये, हे त्यामागचे म्हणणे. चाचणी खरोखर अटळ आहे हे पटले तर मात्र आदेश होतो. माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्ध मुलाने २००८ साली दावा लावला. बरीच टाळाटाळ होऊन २०१२ च्या मे महिन्यात त्यांचे रक्त घेतले गेले आणि जुलैत अहवालाने मुलाचे म्हणणे खरे ठरवले.

बाळाच्या जन्माच्या वेळी आईचे दुसऱ्याशी कायदेशीर लग्न चालू असेल तर प्रकरण सगळ्यात अवघड. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे लग्न चालू असताना, किंवा लग्न संपल्यावर आईने दुसरे लग्न केले नसेल तर २८० दिवसांत जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच मानतात. गर्भधारणेच्या काळात त्या दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे आधी दाखवावे लागते.

बाप ठरलात. पुढे?

ताबा आपोआप मिळत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अनौरस मुलाची (शब्द आम्हालाही आवडत नाही, पण कायद्यात तोच आहे) नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. भेटी किंवा ताबा हवा असेल तर पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली, मूल जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. पोटगीची जबाबदारी मात्र लगेच येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ औरस-अनौरस असा फरक करत नाही.

आणि जे फार थोड्यांना ठाऊक असते ते हे: दाखल्यावर तुमचे नाव चढले म्हणून मूल तुमचे वारस होत नाही. हिंदू वारसा कायदा अनौरस मुलाचे नाते आईशी जोडतो. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर तुमचा फ्लॅट तुमच्या भावांकडे जाऊ शकतो आणि मुलगी बघत राहते. स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी चालते. मुद्रांक लागत नाही. दाव्याचा निकाल येईपर्यंत त्यासाठी थांबू नका.

येताना जन्मदाखला, दवाखान्याचे कागद, मुलासाठी पाठवलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी आणि जुने मेसेज फोनसकट आणा. नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ पुसून टाकू नका. जमले तर मुलाच्या आईलाही बरोबर आणा. दोघांमध्ये वाद असेल तर तिने आपला वेगळा वकील करावा; एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंचे काम आम्ही घेत नाही.