ओलसर वाळू आणि पाणी प्यायलेली वाळू: ई-बाईकवाल्यांनी आधी हा फरक बघा

फॅट टायरवाली ई-बाईक बीचवर न्यायची म्हटलं की कुणीतरी जाणकार सांगतोच, कोरड्या भुसभुशीत वाळूत जाऊ नको, ओल्या वाळूतून चालव. सल्ला बरोबर आहे पण अर्धाच आहे, कारण पुळणीवर ओली वाळू दोन तऱ्हेची असते आणि लांबून दोन्ही काळसर, सपाट आणि एकसारख्याच दिसतात. एकीवरून बाईक डांबरी रस्त्यासारखी पळते, दुसरीत मागचं चाक जागच्या जागी फिरत खाली जातं. दापोलीकडे मुरुड-कर्देच्या किनाऱ्यावर मी हे दोन्ही अनुभवलंय, एकाच सकाळी, दीडेकशे पावलांच्या अंतरात.

पहिली ओलसर वाळू. पाणी उतरून गेलेलं असतं पण कणाकणांमध्ये थोडं थोडं राहिलेलं असतं, बाकीच्या फटीत हवा. हे जे थोडंसं पाणी असतं ना तेच कणांना एकमेकांकडे ओढून धरतं, म्हणून पोरं वाळूचा किल्ला कोरड्या वाळूत कधी करत नाहीत आणि अगदी पाण्यातही करत नाहीत, मधल्या वाळूत करतात. किल्ल्याची भिंत उभी राहते ती ज्या जोरावर, त्याच जोरावर तुमचा टायर वर राहतो. केरळात कन्नूरजवळ मुळप्पिलंगाडला जवळपास चार किलोमीटर किनाऱ्यावर लोक चक्क कार चालवतात, ती सगळी करामत अशा घट्ट बसलेल्या ओल्या वाळूची.

दुसरी पाणी प्यायलेली. हिच्यात हवेला जागाच नाही, सगळ्या फटी पाण्याने भरलेल्या. कणांना धरून ठेवणारी ती ओढ इथं संपते. आता ही वाळू जर लाटांनी ठोकून ठोकून घट्ट बसवलेली असेल तर तरीही चालतं, पण सैल बसलेली असेल तर दाब आला की कण खाली सरकायला बघतात, मधलं पाणी पटकन निघून जाऊ शकत नाही, मग वजन कणांवर न येता पाण्यावर येतं आणि पाणी काय वजन पेलणार. वाळू काही सेकंद दाट पेजेसारखी होते. भूकंपात इमारती खचतात तेव्हा ज्याला लिक्विफॅक्शन म्हणतात तोच प्रकार, फक्त आपल्या चाकाखाली.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण चकाकीची. ओहोटी लागली की समुद्राचं पाणी झपाट्याने मागे जातं पण वाळूच्या पोटातलं पाणी तेवढ्या लवकर उतरत नाही, ते किनाऱ्याच्या उतारावर कुठेतरी पाझरत राहतं. त्या पाझराच्या खालचा पट्टा आरशासारखा चमकतो, आभाळ दिसतं त्यात. वरचा पट्टा काळसर पण मंद, चमक नाही. ही सीमारेषा एकदा डोळ्याला सापडली की कायमची दिसते, आणि तुमचा रस्ता तिच्या वरच्या अंगाला. तिथं बारीक खेकड्यांनी टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळीही बऱ्याचदा दिसते.

पण नुसत्या चकाकीवर जाऊ नका, कारण मी वर म्हटलं तसं चमकणारी वाळूसुद्धा कधी कधी टणक असते. म्हणून दुसरी खूण पायाची, आणि माझा भरवसा हिच्यावर जास्त. बाईकवरून उतरा, अनवाणी एका पायावर सगळं वजन टाका. पायाभोवती वाळू एकदम फिकट, कोरडी झाल्यासारखी दिसली तर वाळू घट्ट आहे. हे उलटं वाटतं ना, दाबल्यावर पाणी वर यायला हवं तर आत कसं गेलं? घट्ट बसलेले कण सरकायचे झाले तर एकमेकांवर चढतात, मधल्या फटी मोठ्या होतात आणि आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे नीट समजावून सांगितलं होतं. आणि जर पाऊल ठेवल्यावर कडा ढासळल्या, ठसा पाण्याने भरला, टाच दोनतीनदा आपटल्यावर आजूबाजूची वाळू जेलीसारखी हलली, तर तिथं बाईक घालायची नाही.

ही पायाची परीक्षा नुसती अंदाजपंचे नाहीये बरं का. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की तळव्याखाली साधारण सहा-सात पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) दाब येतो. आणि टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. म्हणजे चार इंची टायरमध्ये तुम्ही सात-आठ पीएसआय ठेवलेत तर तुमचा पाय आणि तुमचं चाक जवळपास सारखंच बोलतात. पण रस्त्यावरची वीस पीएसआय हवा तशीच ठेवून उतरलात तर पाय तरेल तिथं चाक रुतेल, बाईकवाल्याला पाय फसवतो तो असा. हवा कमी करायची, छोटा पंप बरोबर ठेवायचा आणि परत रस्त्याला लागण्याआधी भरायची, नाहीतर वळणावर टायर रिमवरून सरकतो.

माझं त्या दिवशी काय झालं तर एक व्हाळ आडवा आला. गावातून येणारा छोटा ओहोळ, पाणी घोट्याएवढंही नाही. मला वाटलं पाणी उथळ म्हणजे काम सोपं. तिथं जाळी उचलणाऱ्या एक मावशी ओरडल्या, "अरे दादा, तिथनं नको, ती वाळू प्यायलीय!" मी ब्रेक लावेपर्यंत पुढचं चाक गेलंच होतं. व्हाळाच्या आणि खाडीच्या तोंडाशी वाळू रोज नव्याने येऊन पडते, तिला लाटांनी ठोकायला वेळच मिळालेला नसतो, वरून खालून पाणी चालू, त्यामुळे सगळ्यात सैल वाळू तिथंच. आंजर्ल्याच्या खाडीकडे किंवा कुठल्याही खाडीच्या तोंडाला हे लक्षात ठेवा. व्हाळ ओलांडायचाच असेल तर उतरून, बाईक हाताने धरून, आधी पायाने चाचपत. मावशींनी आणि त्यांच्या मुलाने हात लावला म्हणून बाईक निघाली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि ई-बाईक म्हणून यात एक वेगळा धोका आहे जो साध्या सायकलला नाही. साधी सायकल रुतली की पाय थांबतात, विषय संपला. ई-बाईकला थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा वेगाचा कान, असतो आणि माणूस घाबरला की तो पिळतो. चाक जवळपास थांबलेलं, करंट पूर्ण, सगळी वीज उष्णतेत जाते, आणि करंट दुप्पट झाला की मोटरच्या वायंडिंगमधली, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांतली, उष्णता चौपट होते. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेली, असेल तर जास्त वाईट कारण तिला गिअर खाली टाकायची सोय नाही, आतले नायलॉनचे गिअर असतील तर ते सोलून निघू शकतात. मिड-ड्राइव्हवाल्यांना, म्हणजे मोटर पेडलपाशी असते त्यांना, खालच्या गिअरवर मोटर फिरती ठेवता येते, तरी फिरणारं चाक त्या पेजेत स्वतःच खड्डा खणतं तो खणतंच. रुतलं की थ्रॉटल सोडा, उतरा, पंचवीस-तीस किलोचं धूड मागे ओढा, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने. पाणी चढत असेल तर आधी बॅटरी काढून वर नेऊन ठेवा.

पाणी कधी चढतंय ते तिथीवरून कळतं, कोकणात हे घराघरात माहीत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं. तृतीया म्हणजे तीनाची पाऊणपट सव्वादोन, मग ओहोटी सहा तासांनी, सव्वाआठ-साडेआठला. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोनतीन दिवस सकाळच्या राईडला सगळ्यात छान, उधाण असल्यामुळे पाणी लांबवर जातं आणि ओलसर पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार उतरत नाही, पट्टा अरुंद आणि ओहोटी भर दुपारी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं म्हणजे वाळूलाही निथळायला वेळ मिळालेला असतो आणि परत यायला तुम्हालाही.

अजून एक. ओला पट्टा धोक्याचा वाटला म्हणून लोक वर कोरड्या वाळूत चढतात, तसं कृपा करून करू नका. ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वरच घरटी करतात, साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी आणि मग पिल्लं मेपर्यंत, वेळास-आंजर्ल्याला गावकऱ्यांनी किती वर्षं हे जपलंय. अंडी हातभर खोल असतात, वरून काहीच दिसत नाही. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदाच आहे, आपल्याकडेही उतरण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

घरी आल्यावर बाईक धुताना पण त्या दोन वाळूंचा फरक दिसतो. ओलसर पट्ट्यावरून आलेली बाईक झटकली तरी अर्धी साफ होते. चकाकत्या पट्ट्यातून आलेलीवर खारं पाणी उडालेलं असतं, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, ते चेनमध्ये, स्पोकच्या टोकांना, मोटरच्या कनेक्टरमध्ये जाऊन बसतं आणि चेन एका रात्रीत लाल होते. बाईकवर आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ती परीक्षा गोड्या पाण्याच्या शिंतोड्यांची असते. बॅटरी काढून, प्रेशरचा पाईप न लावता, गोड्या पाण्याच्या दोन बादल्या हळूहळू ओतायच्या, फडक्याने पुसायचं, चेनला तेल, आणि हे त्याच दिवशी, जेवायला बसायच्या आधी.