पेरी मेसन : शीर्षकदृश्ये

‘पेरी मेसन’ ही अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर २१ सप्टेंबर १९५७ ते २२ मे १९६६ या काळात प्रसारित झालेली न्यायालयीन नाट्यमालिका. नऊ हंगामांत तिचे २७१ भाग झाले. प्रत्येक भागाच्या आरंभी न्यायदालनाचे चित्र, त्यावर उमटणारी कलावंतांची नावे आणि फ्रेड स्टायनर यांची धून यांची जी जुळणी येई, तिला मालिकेचे शीर्षकदृश्य म्हणतात. दूरचित्रवाणीच्या इतिहासात हे शीर्षकदृश्य मुख्यतः त्याच्या संगीतामुळे लक्षात राहिले आहे. त्यातील नावांच्या यादीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. वास्तविक नऊ वर्षांत पडद्यामागे काय काय घडले, याचा माग त्या यादीतूनच लागतो.

मालिकेचा नायक, बचाव पक्षाचा वकील पेरी मेसन, अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांच्या कादंबऱ्यांतून आलेला आहे. गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेले लेखक होते आणि मेसनची पहिली कादंबरी १९३३ मध्ये निघाली. त्यानंतर वॉर्नर ब्रदर्सने १९३४ ते १९३७ दरम्यान सहा चित्रपट काढले, पण त्यांतला मेसन गार्डनर यांना मानवला नाही. १९४३ ते १९५५ या काळात तो सीबीएस रेडिओवर ऐकू येत होता. या अनुभवांमुळे दूरचित्रवाणीसाठी हक्क देताना गार्डनर यांनी निर्मितीची सूत्रे स्वतःच्या पैसानो प्रॉडक्शन्स या संस्थेकडे ठेवली. कार्यकारी निर्मात्या होत्या गेल पॅट्रिक जॅक्सन, एके काळच्या चित्रपट अभिनेत्री. त्या काळी अशा पदावर स्त्री क्वचितच दिसे.

शीर्षकदृश्याची मांडणी साधी आहे. त्याच्या सर्वांत परिचित रूपात मेसनची भूमिका करणारे रेमंड बर न्यायदालनात दिसतात. हातात एक कागद येतो, ते त्यावरून नजर फिरवतात आणि चेहऱ्यावर पुसटसे हसू उमटते. कागदावर काय आहे हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. पाठलाग, पिस्तूल, प्रेत यांपैकी काहीही या चित्रात नाही. निवांतपणे कागद वाचणारा एक धिप्पाड, नीटनेटका वकील एवढेच त्यात दिसते. पुढील हंगामांत हे चित्रण बदलत गेले, पण मेसन आणि न्यायदालन यांची सांगड मालिकेची ओळख म्हणून टिकली. दृश्यापुरते पाहिले तर येथे सगळे कायद्याच्या बाजूचे आहे.

गुन्ह्याची बाजू संगीताने सांभाळली आहे. स्टायनर (१९२३–२०११) यांनी या धूनीला ‘पार्क ॲव्हेन्यू बीट’ असे नाव दिले होते. मेसनची दोन अंगे तीत यावीत असा त्यांचा विचार होता. एक अंग चांगले कपडे घालणाऱ्या, उंची उपाहारगृहांत जेवणाऱ्या सुसंस्कृत माणसाचे. दुसरे, ज्या काळोख्या जगातल्या माणसांशी त्याचा रोज संबंध येतो त्या जगाचे. त्या काळात जॅझ आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या अमेरिकन संगीतशैली पडद्यावरील गुन्हेगारीशी जोडल्या गेल्या होत्या. म्हणून स्टायनर यांनी पियानोच्या खालच्या सप्तकात ऱ्हिदम अँड ब्लूजचा जड, ठोकत राहणारा ठेका ठेवला आणि त्यावर सिंफनी वाद्यवृंदाची भरदार चाल चढवली. ठेका एकसारखा खालून ढकलत राहतो आणि पितळी वाद्ये वरून ताठ मानेने जातात. शब्द एकही नाही. मालिकेचे शीर्षकगीत तोंडपाठ असण्याची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला ही उणीव वाटू शकेल, पण गुणगुणण्यासारखी ओळ नसतानाही ही धून सहा दशके लोकांच्या कानात आहे. स्टायनर पुढे संगीतशास्त्राचे डॉक्टरही झाले. त्यांचा प्रबंध चित्रपट-संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांच्यावर होता.

चित्र कायद्याचे आणि सूर गुन्ह्याचा, ही विभागणी भागाच्या रचनेशी नेमकी जुळते. प्रत्येक कथेचे नाव ‘द केस ऑफ द…’ अशा साच्यातले असे आणि पुढचे शब्द बहुधा अनुप्रासाने येत. पहिल्याच भागाचे नाव ‘द केस ऑफ द रेस्टलेस रेडहेड’ असे होते. पूर्वार्धात भांडणे, पैशांचे व्यवहार, धमक्या आणि अखेर खून. न्यायालय येई ते उत्तरार्धात. म्हणजे शीर्षकदृश्यात दाखवलेल्या जागी पोहोचायला प्रेक्षकाला अर्धा भाग थांबावे लागे, आणि तोवर त्याला सोबत असे ती त्या ठेक्याने उभ्या केलेल्या वातावरणाची. न्यायालयातले प्रसंगही बहुतेक वेळा पूर्ण खटल्याचे नसून प्राथमिक सुनावणीचे, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे तपासणाऱ्या सुनावणीचे असत. अशा सुनावणीत ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे नागरिकांचे मंडळ, नसते; त्यामुळे बारा माणसे दालनात बसवण्याचा खर्च वाचे आणि उलटतपासणी थेट न्यायाधीशासमोर रंगवता येई. मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असतो तो साक्षीदाराचा पिंजराही येथे नाही. साक्षीदार खुर्चीत बसतो आणि तिथेच घाम पुसू लागतो.

धूनीचे वजन किती होते हे पुढच्या दोन प्रयत्नांवरून दिसते. १९७३ मध्ये माँटी मार्कहॅम यांना मेसन करून सीबीएसने नवी मालिका आणली. तिचे संगीत अर्ल हेगन यांचे होते, आणि ती १५ भागांत आटोपली. अपयशाची कारणे अनेक असतील, सगळा दोष संगीताच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. तरीही १९८५ मध्ये एनबीसीने बर यांना घेऊन मेसनचे दूरचित्रवाणीपट सुरू केले तेव्हा स्टायनर यांची धून नव्या वाद्यमेळासह परत आणली, ही गोष्ट बोलकी आहे. नंतरच्या न्यायालयीन मालिकांनी शीर्षकदृश्याचे वेगळे मार्ग शोधले. १९८६ साली सुरू झालेल्या ‘एल. ए. लॉ’मध्ये मोटारीच्या डिकीचे झाकण धाडकन बंद होते आणि नंबरप्लेटवर मालिकेचे नाव दिसते. १९९० च्या ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये स्टीव्ह झर्नकिल्टन यांच्या आवाजातले निवेदन येते. या दोन्ही मालिकांचे संगीतकार एकच, माइक पोस्ट.

आता नावांविषयी. त्या काळच्या पद्धतीत अक्षरे वेगळी चित्रित करून ती प्रकाशीय छपाईने चित्रफितीवर चढवीत. हा तयार तुकडा भागामागून भागाला जोडला जाई. त्यात एखादे नाव घालायचे किंवा काढायचे म्हणजे तुकडा नव्याने करावा लागे. त्यामुळे यादीत नाव असणे किंवा नसणे हा सहज घडणारा प्रकार नव्हता. क्रमही ठरलेला होता. रेमंड बर यांच्यानंतर सेक्रेटरी डेला स्ट्रीट झालेल्या बार्बरा हेल, खासगी गुप्तहेर पॉल ड्रेक झालेले विल्यम हॉपर, सरकारी वकील हॅमिल्टन बर्जर झालेले विल्यम टॅलमन आणि पोलीस अधिकारी लेफ्टनंट ट्रॅग झालेले रे कॉलिन्स. नाटकाच्या जाहिरातीत कोणाचे नाव कुठे आणि केवढ्या टायपात, यावरून होणारे रुसवेफुगवे मराठी नाट्यव्यवसायाला नवे नाहीत. हॉलिवुडमध्ये त्यांना कराराचे कलम असते इतकाच फरक.

टॅलमन यांच्या बाबतीत असेच एक कलम आडवे आले. मार्च १९६० मध्ये एका घरगुती मेजवानीवर पोलिसांचा छापा पडला आणि अटक झालेल्यांत ते होते. सीबीएसने करारातील नैतिक वर्तनाच्या कलमाचा आधार घेऊन त्यांना काढून टाकले. जूनमध्ये न्यायालयाने आरोप रद्दबातल केले, तरी वाहिनी लगेच नमली नाही. न्यायालयात निर्दोष माणसाची बाजू लावून धरणे हाच ज्या मालिकेचा विषय, तिच्याच सरकारी वकिलावर ही पाळी आली होती. मधल्या काळात बर्जरच्या जागी दुसरे सरकारी वकील उभे राहून मेसनकडून हरत राहिले. बर, गार्डनर आणि गेल पॅट्रिक जॅक्सन टॅलमन यांच्या पाठीशी राहिले, प्रेक्षकांनीही पत्रे लिहिली, आणि डिसेंबर १९६० मध्ये त्यांना परत घेण्यात आले.

कॉलिन्स यांची हकीकत याच्या नेमकी उलट आहे. टॅलमन यांना काढून टाकले गेले, तर कॉलिन्स काम करीत नसतानाही त्यांचे नाव यादीत राखले गेले. रंगभूमी, रेडिओ आणि ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’पर्यंत मोठी कारकीर्द असलेले हे नट मालिका सुरू झाली तेव्हाच साठी ओलांडलेले होते. फुप्फुसांच्या विकाराने त्यांना काम झेपेनासे झाले आणि जानेवारी १९६४ मधील ‘द केस ऑफ द केपरिंग कॅमेरा’ हा त्यांचा अखेरचा भाग ठरला. ते परतणार नाहीत हे निर्मात्यांना कळून चुकले होते. तरीसुद्धा आठवा हंगाम मे १९६५ मध्ये संपेपर्यंत त्यांचे नाव शीर्षकदृश्यात आठवड्यामागून आठवडा येत राहिले. कॉलिन्स दर आठवड्याला मालिका पाहतात हे गेल पॅट्रिक जॅक्सन यांना ठाऊक होते, आणि आपले नाव गेलेले पाहून त्यांनी खचू नये अशी त्यांची इच्छा होती. लक्षावधी घरांत दिसणारी ती पाटी त्या काळात खरे म्हणजे एकाच घरासाठी होती. ११ जुलै १९६५ रोजी कॉलिन्स वारले. नवव्या हंगामात पोलीस अधिकारी म्हणून रिचर्ड अँडरसन आले.

१९६२ च्या अखेरीस बर यांच्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा १९६३ च्या आरंभीच्या काही भागांत बेटी डेव्हिस, मायकेल रेनी, ह्यू ओब्रायन आणि वॉल्टर पिजन यांनी वकिलाची जागा चालवली. मालिकेचे नाव अर्थातच मेसनचेच राहिले.

संपूर्ण मालिका कृष्णधवल आहे. अपवाद फक्त २७ फेब्रुवारी १९६६ च्या ‘द केस ऑफ द ट्वाइस-टोल्ड ट्विस्ट’ या रंगीत भागाचा. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत मालिका थांबली. ‘द केस ऑफ द फायनल फेड-आउट’ हा शेवटचा भाग दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणस्थळीच घडणाऱ्या खुनाचा आहे. नऊ वर्षे पडद्यामागे राबलेल्या तंत्रज्ञांना आणि कामगारांना त्यात छोट्या छोट्या भूमिका देण्यात आल्या. न्यायाधीशाच्या आसनावर अर्ल स्टॅन्ली गार्डनर बसले होते.