लाल्याच्या शिट्ट्या आणि विद्यानंदांची पडझड

‘अश्रूंची झाली फुले’ म्हटलं की दादर-गिरगावच्या जुन्या नाट्यवेड्यांना आधी त्यातला दांडगट विद्यार्थी लाल्या आठवतो, मग त्याचे प्रा. विद्यानंद. वसंत कानेटकरांनी नाटक लिहिलं ते मात्र विद्यानंदांचं, असं माझं मत.

शिष्यासमोर गुरूचा पाय घसरणं मराठी रंगभूमीला नवं नव्हतं. खाडिलकरांच्या ‘संगीत विद्याहरण’मध्ये (१९१३) शुक्राचार्य मद्याच्या नादात शिष्याची, कचाची, राखच पिऊन बसतात. तरी त्यांचं पोट फाडून बाहेर आलेला कच त्यांना पुन्हा जिवंत करूनच निघतो. गुरूचा मान शाबूत राहतो.

१९६६ साली आलेल्या कानेटकरांच्या नाटकात तो राहत नाही. कानेटकर स्वतः नाशिकच्या कॉलेजात प्राध्यापक. त्यांच्या ‘प्रेमा तुझा रंग कसा?’मध्येही नायक प्राध्यापकच, पण तिथला सगळा मामला घरगुती गमतीचा. इथे कॉलेजचं राजकारण आलं. तत्त्वनिष्ठ विद्यानंद दांडगट लाल्याला वठणीवर आणू पाहतात, ही झाली वरवरची झुंज. खरा शत्रू संस्थाचालक. त्यांच्या कारस्थानाने सर तुरुंगात जातात आणि बाहेर येतात ते सूडाने पेटून. दरम्यान सुधारलेला लाल्या पोलीस अधिकारी झालेला असतो. दोघांनी जागा बदलल्या, आणि नाटकाची सगळी मेख इथेच आहे.

निर्मिती ‘नाट्यसंपदा’ची. ही संस्था प्रभाकर पणशीकरांनी १९६३ साली काढली होती. विद्यानंद त्यांनीच केले, लाल्या काशिनाथ घाणेकरांनी. घाणेकर पेशाने दातांचे डॉक्टर; ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या संभाजीने आधीच गाजलेले. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं छापून झाली की शेवटी ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’. त्या ‘आणि’वर बुकिंग फुल्ल व्हायचं. लाल्या रंगमंचावर आला की शिट्ट्या, टाळ्या. पणशीकरांना त्या गदारोळात एका सज्जनाची पडझड पायरी-पायरीने दाखवायची होती. कोणतं काम अवघड, हे सांगायला नको.

हिंदीवाल्यांनी ती उलटापालट बरोबर हेरली. सत्येन बोस यांचा ‘आँसू बन गये फूल’ १९६९ चा. त्याच्या कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर मिळालं. १९८४ च्या ‘मशाल’मध्ये यश चोप्रांनी प्राध्यापकाच्या जागी संपादक आणला. बॅलार्ड इस्टेटच्या सुनसान रस्त्यावर, मरणाच्या दारातल्या बायकोसाठी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करणारा दिलीपकुमार आठवा. तो विद्यानंदांचाच वारस.

घाणेकरांवरचा चित्रपट २०१८ मध्ये आला, त्यात घाणेकर झालेल्या सुबोध भावे यांनी त्याच सुमारास नाटकातही लाल्या उभा केला. नव्या प्रेक्षकांनीही शिट्ट्या ठेवल्या त्या लाल्यासाठीच.